सरस्वती, शके १८४८

“काका, तुमची आजी मेल्यावर ब्याऐंशी वर्षांनी बाळंत झालीय.”

जेवून जरा आडवा झालो होतो. अशा वेळी कुणाच्याही आजीबद्दल असलं काही ऐकलं की झोप उडतेच.

“नीट बोल, रुबीना.”

“नीटच बोलतेय. सरस्वती आष्टेकर, मृत्यू अठराशे अठ्ठेचाळीस. मुलगा दत्तात्रय, जन्म एकोणीसशे तीस. सॉफ्टवेअर घेईना. लाल रेघ मारून बसलंय.”

मी पोटभर हसलो. “अगं, ते शके आहेत. शालिवाहन शक. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, की इसवी सन. तुमच्यात हिजरी असतं ना, तसं.”

“अस्सं होय.” तिकडं बटणांचा आवाज झाला.

“मिळवलेस का?”

“मिळवले, काका. एकोणीसशे सव्वीस. आता मेल्यावर चार वर्षांनी बाळंत झालीय.”

मी पुन्हा हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दत्तात्रय म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा. शेजारच्या खोलीत ते भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत होते.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. आमच्या आष्टेकर कुलमंडळाची वेबसाइट करायचं ठरलं होतं. आमच्या चुलत घराण्यातल्या बापूकाकांनी एकसष्ट साली कुलवृत्तांत छापला होता: नऊशे माणसं, अकरा पिढ्या, आणि छपाईच्या चुका वेगळ्या. तो सगळा संगणकावर चढवायचा. मंडळाच्या सभेत मी एकच वाक्य बोललो, की हे काम नीट आखून करायला हवं, आणि काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्यात बोलेल त्यानं करायचं असा अलिखित नियम आहे. शिवाय मी पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेलो. तीस वर्षं कालवे आणि त्यांचे फाटे काढले, तर वंशाचे फाटे काढायला काय हरकत आहे, असं अध्यक्षांना वाटलं.

आधी एका पुतण्यानं काम घेतलं आणि अर्धवट टाकून तो बंगळूरला गेला. मग पुण्याच्या एका कंपनीनं नमुना पाठवला. तो मुळात मंगल कार्यालयासाठी केलेला होता, मुखपृष्ठावर सनईवाले होते. दुसऱ्या एकानं अर्जात गोत्राच्या शेजारी पिनकोड मागितला. शेवटी वैतागून मी इंटरनेटवर जाहिरात टाकली, ‘मराठी वाचता येणारा जाणकार हवा’. एकूण सतरा उत्तरं आली. सोळा जणांनी आपण किती हुशार आहोत ते लिहिलं होतं. सतराव्या उत्तरात दोनच ओळी होत्या. ‘वंशावळीचं काम केलेलं नाही. पुस्तक पाठवा, वाचते, मग जमेल का सांगते.’ ती बार्शीची रुबीना तांबोळी. तिला मी त्या वेळी पाहिलं नव्हतं आणि आजतागायत पाहिलेलं नाही. नऊशे माणसांचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेली माणसं जगात दोनच, बापूकाका आणि ती. मंडळात तर एकही नाही.

साइटचं उद्घाटन दसऱ्याला होतं आणि मला घाई होती ती अण्णांसाठी. त्यांना काचबिंदू होता. डावा डोळा गेलेला, उजवा दिवाळीपर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणाले होते. अण्णांनी आयुष्यभर भांड्यांचं दुकान चालवलं, कशाचा म्हणून हट्ट धरला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, “रमाकांत, डोळे आहेत तोवर मला आईचं पान बघायचंय. माझं नाव आणि तिचं नाव, वर-खाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणक लावला. माझा मॉनिटर जुना, ढोल्या पोटाचा, ऑफिसच्या लिलावातला. तासाभरात असा तापायचा, की बायको म्हणायची यावर पापड वाळत घालते. अण्णा मागून येऊन उभे राहिले आणि नाक पडद्याला टेकेल इतके वाकले.

“हा मी,” ते म्हणाले. “आणि माझ्या डोक्यावर हे रिकामं कोण बसलंय?”

त्यांच्या नावाच्या वर एक चौकट होती. आत काही नव्हतं. सरस्वतीची चौकट बाजूला सरकली होती. तिला अण्णांच्या मोठ्या बहिणीशी, भागूआत्याशी, जोडणारी रेघ शाबूत होती आणि अण्णांची तुटली होती.

मी अंगणात जाऊन रुबीनाला फोन लावला. “ती रिकामी चौकट काढ.”

“काल दोनदा काढली. रोज पहाटे तपासणी होते नोंदींची, तेव्हा परत येते. आई मेलेली असली आणि मूल नंतरचं असलं, की सॉफ्टवेअर म्हणतं, आई दुसरी कुणीतरी आहे. तिच्यासाठी जागा धरून ठेवतं.”

“मग ती अट काढून टाक.”

“काढता येईल.” ती म्हणाली. “पण काका, मूल आहे म्हटल्यावर बाई असणारच की. ती कशी काढू?”

मला राग आला. बाहेरची पोर, आमच्या घरातलं तिला काय कळतंय, असं मनात आलं, ते कबूल करतो. छपाईची चूक असणार, असं म्हणून मी फोन ठेवला. पण बापूकाकांची वही कपाटात होती, ती काढली. मुलांचे जन्म त्यांनी शाळेच्या दाखल्यांवरून घेतले होते, म्हणून ते इसवी सनात. मृत्यू घेतले होते क्षेत्रोपाध्यायांच्या चोपडीवरून, ते शकात. दोन्ही आकडे एकाच ओळीत बावन्न वर्षं शेजारी शेजारी बसले होते आणि एकाही आष्टेकरानं बेरीज केली नव्हती. वहीत लिहिलं होतं, ‘सौ. सरस्वती, शके १८४८, आषाढ वद्य ११.’ खाली आणखी एक ओळ होती, ‘सौ. सरस्वती, शके १८५८’, आणि ती बापूकाकांनी स्वतःच आडवी खोडून समासात लिहिलं होतं, ‘दुबार.’

मी वही मिटली. आरेखकाला एकाच ठिकाणी दोन मापं आली की घाम फुटतो, तसा मला फुटला.

मनाची समजूत घालायला मी दुसरं काम काढलं, आजीच्या फोटोचं. मधल्या खोलीत देवघरावर तो उंच टांगलेला असायचा. हार काढला, काच पुसली, तासभर खपून फोटो संगणकात घेतला आणि साइटवर चढवला. पडद्यावर ओळ आली:

‘या फोटोत दोन व्यक्ती आहेत. कृपया एकाच व्यक्तीचा फोटो जोडा.’

मी फोटो हातात घेऊन पाहिला. आजी एकटीच खुर्चीत बसलेली. शेजारी तिपाईवर कागदी फुलांची फुलदाणी. मागं तळ्याचं चित्र असलेला स्टुडिओचा पडदा. पडद्यावर कुणी रंगवलंय का म्हणून भिंग लावून पाहिलं, तर नुसती झाडं आणि पाणी. पुन्हा चढवला. पुन्हा दोन व्यक्ती. चार वेळा केलं. चौथ्या वेळी मी मागं वळून खोलीत कुणी आलंय का ते पाहिलं. बावळटपणाच, पण पाहिलं.

रुबीनाला फोटो पाठवला. तासाभरानं तिनं तो परत धाडला, आणि सोबत फोनही केला.

“सॉफ्टवेअरला जिथं चेहरा सापडतो, तिथं ते हिरवा चौकोन काढतं. बघितलात का?”

बघितले. एक चौकोन आजीच्या चेहऱ्याभोवती होता. दुसरा गळ्याखाली, छातीवर, सुपारीएवढा.

“तिथं काय आहे काका?”

“दागिना आहे. पुतळीबिटळी असेल.”

“मी मोठं करून करून बघितलं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता पांढरा ठिपका आहे. तुमच्या लोकांचे दोनशे फोटो चढवले, त्यांत गच्च दागिने घातलेल्या बायका होत्या, कुठं काही झालं नाही.” तिचा आवाज खाली आला. “गळा झाकला की फोटो घेतंय. पण मग तो भाग कापावा लागतो. मी कापला, आणि परत लावला. मला नाही करवलं.”

“घाबरलीस?”

“तुम्ही नाही का?”

फोन ठेवून मी वळलो.

अण्णा पलीकडं दाराशी उभे होते. कधीपासून ते कळलं नाही. डोळे अधू झाले की माणसाचे कान तिखट होतात. “आईच्या गळ्याचं काय म्हणते ती?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. तिच्या गळ्यात काय होतं, आठवतं तुम्हाला?”

“मला तिचं तोंडसुद्धा आठवत नाही रे. सहा वर्षांचा होतो मी, ती गेली तेव्हा. एवढंच आठवतं, निजवताना वाकायची आणि गळ्यातलं काहीतरी माझ्या कपाळाला लागायचं. गार. उन्हाळ्यातसुद्धा गार.”

सहा वर्षांचा होतो मी, ती गेली तेव्हा. हे वाक्य मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. तीस अधिक सहा छत्तीस, ही बेरीज मला कधी सुचली नव्हती. आणि छत्तीसमधून अठ्ठ्याहत्तर वजा केले, की अठराशे अठ्ठावन्न. बापूकाकांनी खोडलेली ओळ.

मला खोटं बोलता येत नाही. बोललो तरी तोंडावर दिसतं म्हणे. अण्णांना तोंड दिसत नव्हतं, तरी त्यांनी ओळखलं. सगळं काढून घेतलं माझ्याकडून. मग खाटेवर बसले आणि दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवून म्हणाले, “म्हणजे सरस्वती ही भागूताईची आई. माझी आई ती नव्हे. मग पितृपक्षात सत्तर वर्षं मी पाणी कुणाला घातलं?”

“अण्णा, पाणी पोचतं हो.”

“नावाशिवाय? तू पत्र टाकतोस का नावाशिवाय?”

दुसऱ्याच दिवशी मी वाईला भागूआत्याकडं गेलो. वय एकोणनव्वद, पण कान-डोळे शाबूत. ओसरीवर वाल सोलत बसली होती. दोन हिरवे चौकोन असलेला फोटो मी छापून नेला होता, तो तिच्या पुढ्यात ठेवला. काही विचारलं नाही.

तिनं बराच वेळ पाहिलं. मग अंगठा गळ्यावरच्या लहान चौकोनावर ठेवला. “ही माझी आई,” ती म्हणाली. अंगठा वर सरकवून मोठ्या चौकोनावर नेला. “आणि ही पण.”

“आत्या, नीट सांग.”

“टाक हाय तो. सवतीचा टाक. पयली बायको मेली की चांदीच्या पत्र्यावर तिची मूर्त ठोकून घ्यायची नि दुसरीच्या गळ्यात घालायची. पयलीनं छळू नये म्हणून.” तिनं वालाचं टरफल बाजूला टाकलं. “माझी आई गेली तवा मी दोन वर्सांची. रडून रडून ताप आला, म्हणून मला मामाकडं नेऊन ठिवलं. महिन्यानं परत आणलं, तर घरात आई. तात्यांनी दुसरं लगीन केलं होतं. तिचं नाव बी ताटात तांदळावर तेच लिवलं, सरस्वती. सगळ्यांना शपथ घातली. पोरीला आई मेल्याचं कळता कामा नये, या घरात सावत्र शब्द निघता कामा नये.”

“आणि तुला कळलंच नाही?”

“दोन वर्सांच्या पोराला काय कळतंय? कुशीत घेतलं की आई.” तिनं पुढचा वाल उचलला. “सहा वर्सांची झाल्यावर कळलं. दत्तू पाळण्यात होता. दारात एक माणूस आला, तिच्या माहेरचा, हातात गुळाची ढेप. त्यानं हाक मारली, ‘चिमे!’ नि आई गर्रकन वळली. माझ्या हाकेला अशी कधी वळली नव्हती. तो गेल्यावर मी इचारलं, आई, चिमी कोण? तर म्हणाली, ‘होती एक. गेली ती.’”

माझ्या अंगावर काटा आला, तो तिला दिसू नये म्हणून मी बाह्या खाली ओढल्या.

“चिमा,” आत्या म्हणाली. “चिमा नाव तिचं. माझ्यापायी गेलं. माझं रडं थांबावं म्हणून तिनं नाव टाकलं नि दहा वर्सं माझ्या मेलेल्या आईला गळ्यात घेऊन हिंडली. दत्तूला निजवताना टाक त्याच्या कपाळाला लावायची, म्हणायची, थोरलीचा आशीर्वाद घे. मी कुणाला काय सांगू? तात्यांची शपथ होती. आणि लाज बी होती.”

“म्हणून अविधवा नवमीला तू माझ्या आईला दोन पानं मांडायला लावायचीस?”

“तेवढंच माझ्या हातात होतं बाबा. दोन सवाष्णी जेवू घाला, म्हटलं. का, ते कुणी इचारलं न्हाई, नि मी सांगितलं न्हाई.” मग तिनं माझा हात धरला. हाताला वालाचा ओला वास होता. “शपथ घालणारे गेले सगळे. दत्तूला सांग. म्हणावं, तुझी आई मी वापरली.”

वाईच्या स्टँडवरूनच मी रुबीनाला फोन केला. टाकाची हकीकत सांगितली आणि म्हटलं, दोन नोंदी कर. थोरली सरस्वती, मृत्यू एकोणीसशे सव्वीस, मुलगी भागीरथी. धाकटी, मृत्यू एकोणीसशे छत्तीस, मुलगा दत्तात्रय.

“धाकटीचं नाव?”

“चिमा.”

“लग्नानंतरचं?”

“चिमाच लिही.”

तिनं अक्षर अक्षर म्हणत लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती चौकट पुन्हा रिकामी झाली नाही.

दोन दिवसांनी रुबीनाचा फोन आला. “काका, फोटो तुम्ही गळा कापून पाठवलात का?”

“नाही. फोटो मी परत पाठवलेलाच नाही. तुझ्याकडं आहे तोच.”

“मी पण तोच लावला. चिमाआजीच्या पानावर लावला आणि एका झटक्यात घेतला. चौकोन एकच, चेहऱ्याचा.” तिकडं बटणं वाजली. “म्हणून मग तोच परत सरस्वतीच्या पानावर लावून बघितला. तिथं पण एकच आला. खालचा. टाकाचा.”

“असं कसं होईल?”

“होत नाही. चेहरा शोधताना सॉफ्टवेअरला पान कुठलं ते कळतच नाही, काका. मीच लिहिलंय ते, मला माहितीय.” मग हळूच म्हणाली, “मी दोन्ही फोटो तसेच राहू दिलेत. अम्मीला विचारलं. ती म्हणाली, ज्याची त्याला जागा मिळाली, आता हात लावू नको.”

मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बेटा म्हणालो.

दसऱ्याच्या सकाळी मंडळाची माणसं यायच्या आधी मी अण्णांना संगणकासमोर बसवलं. आत्याचा निरोप सांगितला होता, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “वापरली कसली, वेडी. दोघांची होती.” उजव्या डोळ्यात आता बारीकशी फट उरली होती. मी पान उघडलं, अक्षरं जेवढी होतील तेवढी मोठी केली. वर चिमा. खाली दत्तात्रय. मध्ये सरळ रेघ.

“वाच,” ते म्हणाले.

“तुम्हाला दिसतंय ना?”

“दिसतंय. पण तू वाच. मोठ्यानं कुणीतरी म्हणू दे.”

मी वाचलं. त्यांनी ते माझ्यामागून म्हटलं, “चिमा.” मग पोरं शाळेत उजळणी करतात तसं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलं नाही. एकदम खुर्चीतून पुढं वाकले आणि कपाळ पडद्यावर टेकवलं, फोटो होता तिथं.

बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं चक्कर आली. मी खांद्याला धरलं.

“अण्णा?”

“थांब रे,” ते म्हणाले. “अजून तसंच गार आहे.”

ते उठून देवघराकडं गेल्यावर मी पडद्याला हात लावून पाहिला. मॉनिटर पहाटेपासून चालू होता. चटका बसला म्हणून मी हात मागं घेतला.